घोड्यावरून उतरा, नालदेहऱ्याला खेळून या

मुलांच्या परीक्षा संपल्या की निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकणमधून सिमला-मनालीच्या सहली निघतात. तिसऱ्या दिवशी गाडी सिमल्याहून बावीसेक किलोमीटरवर नालदेहऱ्याला थांबते. घोडेवाले जमतात, घासाघीस होते, देवदारांतून तासाभराची रपेट होते, फोटो निघतात आणि गाडी परत फिरते. वाटेत झाडांमागे एक उताराची हिरवळ दिसते. कुणीतरी विचारतं, "हे काय?" उत्तर ठरलेलं असतं, "गोल्फचं मैदान. ते मोठ्या लोकांचं."

पहिल्या वेळी मीही तसाच परत आलो. दुसऱ्या वेळी खेळून आलो. तुम्हीही खेळून यावं, एवढंच सांगायचं आहे.

लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. ही जागा त्याच्या मनात इतकी भरली की त्याने इथे गोल्फचं मैदान आखलं आणि १९०४ साली झालेल्या धाकट्या मुलीच्या नावातही ही जागा घातली. तिचं नाव अलेक्झांड्रा नालदेरा. पण जागेचं नाव त्याच्या फार आधीचं आहे. तिथले लोक ते नागाच्या देहऱ्यावरून आलं असं सांगतात, आणि देहरा म्हणजे आपला देव्हाराच. माहुनागाचं देऊळ आजही मैदानातच उभं आहे. शेजारी 'गोल्फ ग्लेड' हॉटेल आहे, ते हिमाचल पर्यटन महामंडळाचं, म्हणजे आपल्या एमटीडीसीसारखं सरकारी. बाहेरच्या माणसाला पैसे भरून तिथे खेळता येतं. दर, वेळ आणि भाड्याच्या स्टिक यांची चौकशी निघण्याआधी फोनवर करा. टूरवाल्यालाही आधीच सांगून ठेवा, कारण हा तासाभराचा कार्यक्रम नव्हे, अर्धा दिवस लागतो.

मात्र थेट तिथे जाऊन पहिल्यांदा स्टिक हातात धरू नका. आधी इथे पुण्यात एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर सहा-आठ रविवार घाला. बादलीभर चेंडू घ्या आणि शिकवणाऱ्यासमोर मारा. नियमाने पिशवीत चौदा स्टिक चालतात. तुम्हाला दोन आल्या तरी पुरे: सात नंबरचं आयर्न आणि पटर. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला हा खेळ पटकन पटेल असं मला वाटतं, कारण यात मापं पक्की आहेत. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, होल १०८ मिलिमीटरचा. आयुष्यभर रिंग गेज हातात घेतलेल्याला यात परकं काही नाही. आणि जॉब बिघडला तर मशिनला दोष देता येत नाही, हेही त्याला ठाऊक असतं.

नालदेहरा अवघड आहे, आणि त्याचं कारण लांबी नाही. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला सगळे होल पुरे करायला लागावेत असे धरलेले फटके. हे पार ६८ चं मैदान आहे, नेहमीच्या मोठ्या मैदानाचा पार ७२ असतो. अवघड आहे तो डोंगर. पाय सपाटीवर असे फारसे येतच नाहीत. चेंडू पायांपेक्षा वर असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे जातो. अशा वेळी स्टिक दोन बोटं खाली धरा, नेम थोडा उजवीकडे घ्या आणि पाऊण ताकदीने मारा. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर नेम उलट. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने मारला आणि सहा चेंडू देवदारांत घालवले. शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात. उंची दोन हजार मीटरच्या वर असल्याने हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास वीस टक्के विरळ आहे. चेंडू सवयीपेक्षा लांब जातो आणि चढावर माणूस सवयीपेक्षा लवकर दमतो. रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा आणि सगळे होल पूर्ण करायचा हट्ट धरू नका.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॅडी, म्हणजे स्टिकची पिशवी वाहणारा आणि फटका सुचवणारा मदतनीस, घ्या, आणि त्याचं ऐका. पैसे वाचवायला आपण हाच खर्च आधी कापतो, ते चूक आहे. मला तिथे भेटलेला मुलगा विशीतला होता. मी लांबची स्टिक मागितली. त्याने मान हलवली, छोटी पुढे केली आणि झेंड्याच्या बरंच डावीकडे, एका झाडाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. मला ते पटलं नव्हतं, तरी मारला. चेंडू बुंध्यापाशी पडला, उतारावरून घरंगळत आला आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर थांबला. ती जमीन त्याने रोज पायाखाली घातलेली होती.

या लोकांना हमाल समजू नका. इंडियन ओपन ही गोल्फस्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर आधी कॅडी होता, त्याने ती १९९१ साली जिंकली. २००९ चा विजेता सी. मुनियप्पाही कॅडीच होता. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्याचा मुलगा. खेळ श्रीमंतांचा असेल, पण आपल्या देशात तो मोठा करण्यात या घरांतल्या मुलांचा मोठा वाटा आहे. म्हणून कॅडीचा ठरलेला दर काउंटरवर विचारून घ्या आणि तो पुरा द्या. घोड्यासारखी घासाघीस इथे नको.

घरच्यांना सोबत चालू द्या, मात्र मुलांना हिरवळीवर मोकळं पळू देऊ नका. "फोर!" अशी आरोळी ऐकू आली की डोकं झाकून खाली बसायचं, हे त्यांना आधीच शिकवून ठेवा. स्टिकने उचकटलेली माती परत दाबून लावा. देवळापाशी चपला काढा.

आणि पहिला फटका मारण्याआधी कॅडीला त्याचं नाव विचारा. वारा कुठून आहे ते त्यानंतर विचारा.