ग्राहकाची समानता आणि नर्तकीचा नकार

सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी ग्राहकाग्राहकांत भेद करता येणार नाही, हे तत्त्व आपल्या राज्यघटनेने प्रारंभापासूनच स्वीकारले आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांचा नावानिशी उल्लेख असून केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून तेथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. परंतु अशाच एखाद्या ठिकाणी पोटासाठी उभी राहणारी स्त्री ग्राहकाला ‘नाही’ म्हणते, तेव्हा काय होते? तो भेदभाव ठरतो काय? महाराष्ट्रातील डान्सबारचा वाद हा या प्रश्नाचा आपल्या दारातला नमुना आहे. नीतिमत्ता विरुद्ध रोजगार एवढ्याच चौकटीत या वादाकडे पाहिले गेल्यामुळे त्यातील हा मूळ प्रश्न दुर्लक्षित राहिला, असे आम्हांस वाटते.

प्रथम घटनाक्रम पाहू. ऑगस्ट २००५ मध्ये राज्य शासनाने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बिअर बार, परमिट रूम आणि उपाहारगृहांतील नृत्यावर बंदी घातली. मात्र तीन वा अधिक तारांकित हॉटेले आणि सभासदांपुरते मर्यादित असलेले जिमखाने व क्लब यांना त्यातून सूट दिली. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो आणि न्यायमूर्ती रोशन दळवी यांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शासनाने २०१४ मध्ये सवलत काढून टाकून सरसकट बंदी आणली, तिला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. त्यानंतर २०१६ मध्ये अश्लील नृत्यास प्रतिबंध आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण, अशा दुहेरी हेतूचा नवा कायदा विधिमंडळाने संमत केला. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही अटी रद्द केल्या, तर काही कायम ठेवल्या.

२०१३ च्या निकालातील एक मुद्दा विशेष मननीय आहे. पंचतारांकित हॉटेलात बसणाऱ्या श्रीमंताने नृत्य पाहिले तर ती सभ्य करमणूक, आणि साध्या बारमध्ये बसणाऱ्याने पाहिले तर मात्र समाजाचे अधःपतन, हा शासनाचा भेद न्यायालयाने समानतेच्या कसोटीवर नाकारला. गरीब ग्राहकाची नीतिमत्ता श्रीमंताहून हलकी असते, हे गृहीतक घटनेला मान्य नाही. आम्हांलाही ते मान्य होण्यासारखे नाही, कारण पाप पाकिटाची जाडी पाहून येत नसते. याच निकालाने स्त्रियांचा उपजीविकेचा हक्कही मान्य केला. बंदीमुळे बेरोजगार झालेल्या स्त्रियांचा आकडा सुमारे ७५ हजार सांगितला जात होता आणि त्यांपैकी अनेकींवर देहविक्रयाची वेळ आली, याचीही न्यायालयाने दखल घेतली.

तात्पर्य, ग्राहकाला समानता मिळाली आणि स्त्रीला रोजगाराचा हक्क मिळाला. परंतु रोजगाराचा हक्क म्हणजे ग्राहकाच्या मर्जीपुढे मान तुकविण्याचे बंधन नव्हे. या दोहोंमधील अंतर कसे राखावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहिला. ‘अंतर’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नृत्याच्या मंचालगत तीन फूट उंचीचा कठडा असावा आणि कठडा व ग्राहकांची आसने यांमध्ये पाच फुटांचे अंतर असावे, असे ठरवून दिले. २०१९ मध्ये मद्यपानाची जागा आणि नृत्याची जागा यांमध्ये भिंत असावी ही अट रद्द झाली, परंतु नोटा उधळण्यावरील बंदी टिकली. ग्राहक बक्षिसी देऊ शकतो, उधळू शकत नाही. हा फरक आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. हातात दिलेल्या पैशात घेणाऱ्याची ओळख शिल्लक राहते. अंगावर फेकलेल्या नोटांत ती पुसली जाते.

कॅमेऱ्यांच्या अटीचेही तसेच. नृत्याच्या जागी कॅमेरे लावण्याची सक्ती न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काच्या आधारे रद्द केली. कॅमेरा असता तर गैरवर्तन करणारा सापडला असता, हे खरे. परंतु त्याच चित्रफितीत ती स्त्रीही कायमची अडकली असती. आपण मुंबईत काय काम करतो हे जिने घरी सांगितलेले नाही, तिच्यासाठी ते संरक्षण ठरले असते की टांगती तलवार, याचा विचार व्हावयास हवा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते उत्तर एका साध्या भेदात आहे. दार आणि व्यक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार सर्वांना सारखेच खुले असले पाहिजे. अमुक जातीचा, अमुक धर्माचा, अमुक प्रांताचा वा अपंग म्हणून कोणास बाहेर ठेवणे हा अन्याय आहे, मग ते उपाहारगृह असो, नाट्यगृह असो की बार. परंतु दारातून आत आलेल्या ग्राहकाने मोबदला दिला आहे तो जागेचा, खाद्यपेयाचा आणि मंचावरील कार्यक्रमाचा. त्या स्त्रीच्या स्पर्शाचा, तिच्या फोन क्रमांकाचा, काम संपल्यानंतरच्या तिच्या सोबतीचा मोबदला त्याने दिलेला नाही, आणि तो देताही येत नाही. या बाबतीत तिने एकाला नकार दिला काय किंवा शंभरांना दिला काय, तिने कोणावरही अन्याय केलेला नसतो. त्या नकाराचे कारण देण्याचे बंधनही तिच्यावर नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘आमच्या मुलींना अवघडल्यासारखे होते’ ही सबब पुढे करून मालकाने एखाद्या समाजाच्या लोकांना प्रवेशच नाकारला तर? हा आक्षेप योग्य आहे. कामगाराच्या नावाने मालकाचा पूर्वग्रह चालू देता कामा नये. येथे कसोटी वर्तनाची असावी, जन्माची नव्हे. हात धरणाऱ्याला, अर्वाच्य बोलणाऱ्याला, पाठलाग करणाऱ्याला बाहेर काढावे, मग तो कोणीही असो. शिस्तीने बसलेल्याला त्याचे आडनाव विचारू नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानेही मालकावर हीच जबाबदारी टाकली आहे. सहकाऱ्यांपासूनच नव्हे, तर कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या कोणाही व्यक्तीपासून स्त्रीला सुरक्षित वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ग्राहक त्यातून सुटत नाही.

हाच प्रश्न युरोपातील बेल्जियमने याहून अवघड क्षेत्रात हाताळला आहे. तेथे देहविक्रय करणाऱ्यांना नोकरीचा करार, आजारपणाची रजा व निवृत्तिवेतन देणारा कायदा १ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला. ग्राहकाला नकार देण्याचा, एखादी कृती नाकारण्याचा आणि मध्येच थांबण्याचा हक्क त्यात मान्य केलेला असून या कारणावरून कामावरून काढता येत नाही. मात्र सहा महिन्यांत दहांहून अधिक वेळा नकार दिला गेल्यास मालक वा ती व्यक्ती शासकीय मध्यस्थाकडे जाऊ शकते. येथेच आम्हांस खोल विसंगती दिसते. नकार हा हक्क असेल, तर त्याची मोजदाद कशासाठी? आणि मोजदाद होणार असेल, तर अकरावा नकार देताना ती स्त्री खरोखर मोकळी असेल काय? ज्या व्यवहारात व्यक्ती स्वतःच विक्रीची वस्तू होते, तेथे उत्तमातला उत्तम कायदाही तिची प्रतिष्ठा पूर्णपणे राखू शकत नाही, हेच यावरून दिसते.

येथे ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट करणे आवश्यक आहे. आम्ही डान्सबारचे समर्थन करीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात मानवी प्रतिष्ठेचा अवमान करणाऱ्या गोष्टी सांगताना वेश्याव्यवसाय आणि स्त्रिया व मुले यांच्या व्यापाराबरोबरच, माणसाला नफ्याचे निव्वळ साधन मानणाऱ्या कामाच्या परिस्थितीचाही उल्लेख केला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे, असे प्रतिपादन केले. म्हणूनच एखादे काम आपणांस अमान्य आहे एवढ्यावरून ते करणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपल्यासाठी संपत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये रोम येथे देहविक्रयाच्या जाळ्यातून सुटलेल्या वीस तरुण स्त्रियांची भेट घेऊन त्यांची कहाणी ऐकली होती. योहानकृत शुभवर्तमानात लोक दगड घेऊन उभे असताना प्रभू येशूने त्या स्त्रीला एकटे सोडले नाही, आणि तिला नव्या जीवनाची वाटही दाखवली. या दोन्ही गोष्टी एकत्रच घ्यावयाच्या असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नकार देण्याचे बळ कायद्याच्या कलमातून येते त्याहून अधिक महिन्याच्या हिशेबातून येते. जिची चूल केवळ बक्षिसीवर पेटते, तिला रागावलेला ग्राहक परवडत नाही. म्हणूनच २०१९ च्या निकालात लेखी करार आणि बँक खात्यात जमा होणारा मोबदला या अटी टिकल्या, ही आम्हांस महत्त्वाची बाब वाटते. ठरावीक मासिक पगाराचीच सक्ती मात्र न्यायालयाने मान्य केली नाही.

हा प्रश्न केवळ बारपुरता मर्यादित नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली रुग्णालयांत, विमानांत, पर्यटक जहाजांवर, हॉटेलांत व सौंदर्यप्रसाधनगृहांत काम करतात. ग्राहक म्हणजे देव, असे त्यांनाही शिकविले जाते. रुग्णाची सेवा करणाऱ्या परिचारिकेने जात पाहू नये, हे खरेच. परंतु तिचा हात मुद्दाम धरून ठेवणाऱ्याला तिने ठामपणे रोखावे आणि वरिष्ठांनी तिच्या पाठीशी उभे राहावे, हेही तितकेच खरे. ‘थोडे सोसावे लागते, नोकरी आहे’ असा सल्ला आपण घरी देत असू, तर तो बदलण्याची वेळ आली आहे.

शेवटी, ग्राहक कोण, हा प्रश्न टाळता येणार नाही. त्या पाच फुटांच्या पलीकडे बसलेला पुरुष कोणत्यातरी घरचा पती, पिता वा पुत्र असतो, आणि तो आपल्या धर्मग्रामातला नसतोच असे आपण छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. बारमधील स्त्रीविषयी चर्चा करताना आपण या पुरुषाला सहज विसरतो. विवाहपूर्व शिबिरांत, युवकांच्या मेळाव्यांत आणि पापनिवेदनाच्या तयारीत त्याच्याशीही मोकळेपणी बोलले गेले पाहिजे. हा व्यवसाय सोडू पाहणारी एखादी स्त्री आपल्या धर्मग्रामात भाड्याची खोली, मुलासाठी शाळा वा शिवणकाम मागावयास आली, तर तिला पूर्वायुष्याचा दाखला न मागता दार उघडावे. सर्वांना समान प्रवेश हे तत्त्व आपण जगाला सांगतो. ते आपल्या दारापासून सुरू व्हावे.