बावीस ग्रॅमची गोष्ट

ऑनसाइटवरून परत निघालेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, सगळ्यात अवघड हिशोब कोणता? इन्कम टॅक्सचा नाही, २३ किलोच्या दोन बॅगांचा! आधी आपण वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅग कवेत घेऊन उभं राहायचं, मग वजाबाकी. जाताना बॅगेत भाकरवडी, मेतकूट आणि कुकर. येताना चॉकलेटं, परफ्यूम आणि मामेभावानं मागवलेले बूट.

परत येताना माझ्या बॅगेत एक ट्रकही होता.

हसू नका! रिमोटवर चालणारा, खऱ्याच्या एक दशांश मापाचा, मातीच्या ट्रॅकवर रेस खेळणारा ट्रक. लांबी हातभराला थोडी कमी, वजन पावणेदोन किलोच्या आसपास आणि वेग मोकळ्या रस्त्यावरच्या रिक्षाच्या तोडीचा. जत्रेतल्या वायरवाल्या गाडीशी त्याचं नातं एवढंच, की दोघांनाही चाकं चार!

तर झालं असं. दक्षिण कॅलिफोर्नियात ऑनसाइट होतो. सकाळी साडेसहाला इंडिया कॉल, रात्री साडेनऊला पुन्हा इंडिया कॉल. मधल्या वेळात ऑफिस आणि मायक्रोवेव्हमधली खिचडी. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधले सगळे आपापल्या घरी पळायचे आणि मी पार्किंगमध्ये किल्ली फिरवत उभा. अशाच एका शुक्रवारी एका हॉबी शॉपच्या मागच्या बाजूनं घरघर ऐकू आली. डोकावलो, तर मातीचा ट्रॅक, उंच मचाणावर रिमोट घेऊन उभी असलेली दहा माणसं आणि खाली हवेत उड्या मारणारे ट्रक. खलास! पुढच्या शुक्रवारी सेकंडहँड ट्रक घेऊन मी त्याच मचाणावर.

या खेळाचं माहेरच ते. टीम असोसिएटेड या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं १९८४मध्ये ‘आरसी-१०’ नावाची बग्गी काढली आणि मातीवरच्या रिमोट रेसिंगचं रूपच पालटलं. त्याच दशकात तिकडे मिकी थॉम्पसन हा रेसिंगवाला स्टेडियममध्ये माती ओतून खऱ्या पिकअप ट्रकच्या शर्यती भरवायचा. आमच्या छोट्या ट्रकच्या क्लासला ‘स्टेडियम ट्रक’ म्हणतात, ते त्यावरूनच.

पण मचाणावर उभं राहिलं म्हणून कोणी ड्रायव्हर होत नाही. पहिले पाच शुक्रवार मी शेवटून पहिला. माझ्या पुढे असायचा बारा वर्षांचा एक पोरगा. पुढे म्हणजे दोन-दोन लॅप पुढे! माझा ट्रक कोपऱ्यावर वळायलाच तयार नसायचा. स्टिअरिंग फिरवलंय, पुढची चाकं वळलीयेत आणि गाडी आपली सरळ समोरच्या पाइपवर. धाड!

मी इंजिनिअर. (सॉफ्टवेअरचा असलो म्हणून काय झालं?) मी लगेच निदान केलं, पॉवर कमी पडतेय. आणली मोठी बॅटरी. आधीची ४६०० एमएएचची, आखूड. ही लांबलचक, ७००० पेक्षा जास्तीची. शंभर ग्रॅम वजन वाढलं, तर वाढू दे की. नाक हलकं वाटतं म्हणून पुढच्या बंपरवर शिसं चिकटवलं, टायरवाला चाकाला लावतो ना, तसले चौकोनी तुकडे. चांगलं चाळीस ग्रॅम. आता ट्रक वळायला आधीपेक्षा उशीर लावायचा आणि एकदा वळला, की थांबायचं नाव नाही. थेट गिरकी. म्हणजे पैसे खर्च करून मी आधीपेक्षा हळू झालो होतो!

तिथला एक नियम मला फार आवडायचा. आपली रेस संपली, की पुढच्या रेसला आपण ट्रॅकमध्ये उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. चॅम्पियन असो की माझ्यासारखा ढ, सुट्टी कोणालाच नाही. तर असाच एका कोपऱ्यावर उभा होतो आणि शेजारी त्या पोराचे आजोबा. हात थरथरतात, म्हणून त्यांनी स्वतः चालवणं सोडलं होतं. नातवाची गाडी मात्र तेच लावून द्यायचे. मला म्हणाले, ‘‘तुझी रेस पाच मिनिटांची. बॅटरी किती वेळाची आणलीस?’’

मी गप्प.

त्यांनी मला चार्जरकडे नेलं. रेसनंतर बॅटरी पुन्हा पूर्ण भरेपर्यंत तिच्यात किती करंट गेला, हे चार्जर सांगतो. माझा आकडा दोन हजार एमएएचच्याही आत! म्हणजे पाच मिनिटांत मी टाकीचा पाव हिस्साच वापरत होतो. उरलेली पाऊण टाकी नुसती मिरवत होतो. दोन्ही बॅटऱ्या दोन सेलच्या, ७.४ व्होल्टच्याच. त्यामुळे माझ्या साध्या मोटरला मोठीचा फायदा नावापुरता.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९८०च्या दशकात १.२ व्होल्टचे सहा निकेल-कॅडमियम सेल जोडून ७.२ व्होल्टचा जड पॅक बनायचा आणि मिळेल त्या जागेत बसायचा. पुढे लिथियम पॉलिमर आली, म्हणजे आपल्या मोबाइलमधल्या बॅटरीची चुलत बहीण. गाड्या एकदम हलक्या झाल्या आणि गंमत म्हणजे लोकांनी त्यात शिशाचे नि पितळेचे तुकडे लावायला सुरुवात केली! का? कारण वजन किती यापेक्षा वजन कुठे, हे आता आपल्या हातात आलं होतं.

आजोबांचा खरा मुद्दा पुढेच होता. ते म्हणाले, ‘‘मोठ्या बॅटरीनं खाच गच्च भरते. हलवायला जागाच उरत नाही. लहान लाव. मोकळ्या जागेत फोमचे तुकडे भर. पुढे सरकव, मागे सरकव आणि बघ.’’

लहान बॅटरी ९६ मिलिमीटर लांब, खाच १३८ची. म्हणजे चार सेंटिमीटरची मोकळी जागा. त्या चार सेंटिमीटरमध्ये अख्खी रेस असते, बॉस!

फंडा सिंपल आहे. माझ्या ट्रकची मोटर मागच्या अॅक्सलच्याही मागे. सुट्ट्या मातीवर मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून ही जुनी पद्धत. पकड जास्त असलेल्या ट्रॅकवर, म्हणजे कार्पेटवर किंवा कृत्रिम हिरवळीवर, मोटर अॅक्सलच्या पुढे घेतात. आता मागे मोटर असताना बॅटरीही मागे ढकलली, की ट्रिपल सीट बाइकनं घाट चढताना होतं तेच होतं. पुढचं चाक तरंगतं, हँडल फिरवून उपयोग शून्य. बॅटरी फारच पुढे नेली, तर नाक झटकन वळतं, पण ढुंगण मोकळं सुटतं.

आणि माझं ते शिसं? आठवा कावड. दोन टोकांना दोन हंडे घेऊन बोळात वळून बघा. वळायला सुरुवात करताना जड आणि वळल्यावर थांबवायला त्याहून जड. तेच दोन हंडे पोटाशी धरले, तर पायावर गिरकी घेता येते. मागच्या टोकाला मोटर होतीच, पुढच्या टोकाला मी शिसं लावून ट्रकची कावड करून टाकली होती.

तिसरी गोष्ट डावं-उजवं. जुन्या चेतकचं इंजिन उजवीकडे असायचं आणि किक मारण्याआधी बाबा ती डावीकडे कलती करायचे, आठवतं? ट्रकचंही तसंच. पुढे आणि मागे मध्यरेषेवर दोन स्क्रूड्रायव्हरची टोकं लावून तो उचलायचा. ज्या बाजूला कलेल, ती जड. मग स्पीड कंट्रोलर किंवा रिसीव्हर इंचभर सरकवायचा, नाहीतर हलक्या बाजूला पाच ग्रॅम चिकटवायचे. जे काही लावायचं, ते खाली, चॅसीच्या तळाशी. उंचावरचं वजन कोपऱ्यावर गाडी कलंडवतं.

दुसऱ्या दिवशी मी किचनमध्ये वापरतात ते दोन डिजिटल काटे आणले. एकावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची. शिसं काढलं, लहान बॅटरी पूर्ण मागे लावली. पुढे ६००, मागे १०५० ग्रॅम. मग बॅटरी तीन सेंटिमीटर पुढे. पुढे ६२२, मागे १०२८. फरक फक्त बावीस ग्रॅमचा. गोडमिट्ट चहाच्या दोन कपांत जाते तेवढी साखर! मला वाटलं, यानं काय होणार?

शुक्रवारी त्याच कोपऱ्यावर स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक वळला. पाइपच्या आतून, अलगद, जणू कायम तसाच वळत आला होता. मी इतका दचकलो की पुढच्या उडीवर ब्रेक दाबायचा विसरलो. (हवेत ब्रेक दाबला की नाक खाली येतं, थ्रॉटल दिला की वर. मी थ्रॉटल धरूनच ठेवला आणि ट्रक पाठीवर पडला.) पण चेहऱ्यावर हसू!

मग नाद लागला. एका वेळी एकच बदल, तीन लॅप, वहीत टाइम. फोम एक तुकडा मागे, पुन्हा तीन लॅप. ट्रॅकवर पाणी मारलं असेल तर वेगळं, सुकला असेल तर वेगळं. ऑफिसात आम्ही एका रात्रीत दहा फाइली बदलतो आणि मग कशानं बिघडलं हे शोधत बसतो, ते आठवून लाज वाटायची.

याच दिवसांत मॅनेजरचा मेल आला. आणखी एक वर्ष एक्स्टेन्शन, हो की नाही? इकडे बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं, ‘तू आलास की बघू’ म्हणून. आठवडाभर मी मेल उघडत होतो आणि बंद करत होतो. एक हंडा पुण्यात, एक कॅलिफोर्नियात आणि सकाळ-रात्रीच्या दोन कॉलवर मी लटकलेला. कावड माझीही झाली होती, फक्त मी तिला ‘करिअर’ म्हणत होतो. पैसा मोठा होता, नाही कशाला म्हणू? पण हलायला जागा उरली नव्हती. ‘नाही’ लिहिलं आणि सेंड दाबलं.

शेवटच्या शुक्रवारी मी सी फायनलमधून बी फायनलमध्ये गेलो आणि तिथे चौथा आलो. तो पोरगा ए फायनलमध्ये होता, म्हणजे अजूनही माझ्या पुढेच! आजोबांनी थरथरत्या हातानं फोमचे चार तुकडे कापून दिले. म्हणाले, ‘‘तुमच्याकडची माती वेगळी असेल. पहिल्यापासून सुरुवात कर.’’

जाता जाता, कोणाला नाद लागलाच तर एवढं लक्षात ठेवा. लिथियम बॅटरी चार्ज करताना समोर बसा, आगीपासून वाचवणाऱ्या पिशवीत ठेवा. खेळून झाल्यावर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवून द्या. मी एक फुल चार्ज करून तीन आठवडे कारच्या उन्हात विसरलो, तर ती पुरीसारखी फुगली. आणि विमानात सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत घ्यायची.

बाबांचं ऑपरेशन झालं. आता रोज सकाळी वॉकरवर सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत येतात आणि खुर्ची टाकून माझा ट्रक बघतात. परवा तो मुरमावर सरळच गेला आणि भिंतीवर आपटला. बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘अरे, याला मोठी बॅटरी मिळत नाही का?’’

मी काही बोललो नाही. आईचा किचनमधला काटा त्यांच्या मांडीवर ठेवला.