शंभर कशाचे, हे आधी विचारू द्या

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे.

विषय: सहावी ते आठवीच्या गणितातील गुणोत्तर, प्रमाण व शेकडेवारीच्या सरावाची फेरमांडणी करण्याबाबत.

महोदय,


२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून राज्यात नवा अभ्यासक्रम इयत्तावार लागू होऊ लागला आहे. उच्च प्राथमिक वर्गांची नवी गणिताची पुस्तके येतील तेव्हा त्यांत गुणोत्तर, प्रमाण आणि शेकडेवारी असेलच, त्याबद्दल कोणाला शंका नाही. माझे म्हणणे त्या पाठांखालच्या सरावसंचांविषयी आहे. आज या घटकांचा सराव म्हणजे आकडेमोडीचा सराव. कोणती राशी कशाशी ताडून पाहायची, शंभर म्हणून काय धरायचे, आणि इथे प्रमाण लागू तरी पडते का, हे ठरवण्याचा सराव मुलांना जवळजवळ मिळतच नाही. भागाकार चुकला तर तो पुन्हा करता येतो. शंभर कशाचे धरायचे हेच चुकले, तर पुढची सगळी अचूक आकडेमोड चुकीच्या उत्तराकडेच नेते.

याचे रोजचे उदाहरण आमच्या शहरातच आहे. हर्सूलच्या तलावातून शहराच्या काही जुन्या वस्त्यांना पाणी मिळते, पण छत्रपती संभाजीनगरची बहुतेक तहान पैठणच्या जायकवाडीवर भागते. पावसाळ्यात रोज सकाळी इथला माणूस वर्तमानपत्रात धरणाची टक्केवारी पाहतो. ही टक्केवारी कशाची असते? जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी). त्यातला ७३८ दलघमी साठा मृत, उरलेला २,१७१ दलघमी जिवंत. बातमीतले टक्के या जिवंत साठ्याचे असतात. म्हणून धरण ‘शून्य टक्के’ झाले तरी एकूण क्षमतेच्या चौथ्या हिश्शाएवढे पाणी त्यात असते. गोदावरीच्या समन्यायी पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालापासून ६५ टक्क्यांचा आकडा गाजतो आहे. साठा त्याखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. जिवंत साठ्याचे ६५ टक्के म्हणजे सुमारे १,४११ दलघमी. त्यात मृत साठा मिळवून एकूण क्षमतेशी ताडले, तर तेच पाणी जवळपास ७४ टक्के भरते. पाणी तेवढेच, टक्के दोन. पुढे ६५ चा आकडा ५८ वर आणण्याची शिफारस झाली, तेव्हा ती ‘सात टक्क्यांची कपात’ म्हणून चर्चेत आली. पण ६५ वरून ५८ वर येणे ही मूळ आकड्यातली जवळपास ११ टक्क्यांची घट आहे, आणि पाण्याच्या हिशेबात सुमारे १५२ दलघमीचा फरक आहे. ज्या भागाचे शेत आणि नळ या आकड्यांवर अवलंबून आहेत, तिथल्या आठवी झालेल्या मुलाला ही बातमी वाचून ‘सात टक्के कशाचे?’ असे विचारता आले पाहिजे. या प्रश्नाला सूत्र लागत नाही, सवय लागते.

आजची मांडणी ती सवय लावत नाही. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज असे पाठ ओळीने आले. सातवीत समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण, आठवीत चलन, सूट व कमिशन आणि चक्रवाढ व्याज. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि एकमान पद्धत मुलांच्या हाती देणारी आहे, हे मान्य करायलाच हवे. अडचण आहे ती प्रत्येक पाठाखालच्या सरावात. नफा-तोट्याच्या सरावसंचातले प्रत्येक उदाहरण नफा-तोट्याचेच असते. मूल पाठाचे नाव वाचते, सूत्र आठवते, दोन संख्या उचलून त्यात भरते आणि उत्तर बरोबर येते. व्यस्तप्रमाणाच्या सरावसंचात तर विचारच करावा लागत नाही, कारण मथळ्यानेच सांगून टाकलेले असते की इथे गुणाकार स्थिर आहे. वही बरोबरच्या खुणांनी भरते. मात्र मथळा काढून तीच उदाहरणे एकत्र केली की तेच मूल अडते, कारण निवड करायची वेळ त्याच्यावर आधी कधी आलेलीच नसते.

याचे पुरावे आहेत. अमेरिकेत सातवीच्या ५४ वर्गांवर झालेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या वर्गांनी एकेका प्रकारची उदाहरणे सलग सोडवली, उरलेल्यांनी तशीच उदाहरणे एकमेकांत मिसळून सोडवली. महिनाभराने पूर्वसूचना न देता चाचणी घेतली, तेव्हा मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के गुण मिळाले आणि सलग सराव केलेल्यांना ३८ टक्के. त्याआधी, १९९३ मध्ये, भावी प्राथमिक शिक्षकांना एक साधा प्रश्न विचारला गेला होता. दोघी जणी सारख्याच वेगाने मैदानाला फेऱ्या मारत आहेत, पण एकीने आधी सुरुवात केली. तिच्या ९ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ३ झाल्या होत्या. दुसरीच्या १५ होतील तेव्हा पहिलीच्या किती होतील? ३३ पैकी ३२ जणांनी प्रमाण मांडून ४५ उत्तर काढले. खरे उत्तर २१, कारण वेग सारखा असल्याने सहा फेऱ्यांचे अंतर कायम राहते. प्रमाण कुठे लागत नाही हे ओळखणे हाही प्रमाण शिकण्याचाच भाग आहे, आणि आपल्या सरावसंचांत तो जवळपास नाही.

आपल्याकडचे चित्रही वेगळे नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींची पाहणी झाली. ज्यांना किमान वजाबाकी येत होती त्यांच्यापैकी ६० टक्क्यांहून अधिक जणांना हातातल्या पैशांत खर्चाचा मेळ बसवता आला. सवलतीनंतरची किंमत सुमारे ३७ टक्क्यांना काढता आली आणि कर्जफेडीची रक्कम सुमारे १० टक्क्यांनाच. इथेही शंभर कशाचे ते पाहायला हवे. हे टक्के सगळ्या मुलांचे नाहीत, वजाबाकी येणाऱ्यांचे आहेत. यातली बहुतेक मुले सहावी-सातवीची पायरी ओलांडून आलेली आहेत. म्हणजे सरळव्याजाचा पाठ त्यांच्या हाताखालून गेला, पण कर्ज समोर आले तेव्हा तो कामी आला नाही.

तो का येत नाही, हे आपल्या बोलीतच दिसते. पुस्तकातले व्याज ‘द.सा.द.शे.’ असते, म्हणजे दर साल दर शेकडा. मराठवाड्यात खासगी कर्जाचे व्याज ‘तीन रुपये शेकडा’ असे ठरते आणि ते महिन्याचे असते. १०,००० रुपये आठ महिन्यांसाठी घेतले तर बोलीप्रमाणे व्याज २,४०० रुपये होते. पुस्तकातल्या सवयीने तीनला वर्षाचा दर धरणारे मूल २०० रुपये काढेल. सूत्र पाठ, गुणाकार बरोबर आणि उत्तर बारा पटींनी कमी. दुसरे उदाहरण बांधकामाचे. हर्सूल-सावंगीकडे घरे उठत आहेत आणि गवंडी ‘एकास सहाचा माल’ म्हणतो, म्हणजे एक घमेले सिमेंटला सहा घमेली वाळू. आता दोन्ही मिळून ३५ घमेली घ्यायची असतील तर सिमेंट किती? १:६ हे गुणोत्तर पाहून मूल ३५ ला ६ ने भागते आणि बाकी उरली की गोंधळते. सिमेंट हे वाळूच्या सहाव्या हिश्शाएवढे आहे, पण एकूण घमेल्यांच्या सातव्या हिश्शाएवढे. उत्तर पाच घमेली. भागाची तुलना दुसऱ्या भागाशी करायची की सगळ्याशी, हा तोच जायकवाडीतला प्रश्न आहे. पीक पैसेवारीतही तोच आहे. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या हिशेबात येते, पण ते पैसे कोणत्या प्रमाण उत्पादनाशी ताडून काढले, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

बाजारातली समज आपोआप वर्गात येत नाही आणि वर्गातली बाजारात जात नाही, हेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तोंडी हिशेब सहज करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने लिहिलेल्या साध्या उदाहरणांत अडखळली, आणि शाळेत शिकणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली. पूल कुणीतरी बांधावाच लागतो. तो बांधण्याची जागा म्हणजे सहावी ते आठवीचे सरावसंच.

आकडेमोडीआधी राशी ओळखण्याचा हा विचार आपल्या मातीला परका नाही. हर्सूलवरून फुलंब्री-सिल्लोडमार्गे रस्ता अजिंठ्याच्या डोंगराकडे जातो. त्या डोंगररांगेच्या पलीकडे चाळीसगाव तालुक्यात पाटण आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी तिथे मठ काढला आणि त्याचा शिलालेख आजही प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिक हा जवळपास साऱ्या व्यवहारगणिताचा पाया मानला आहे. त्याची पहिली पायरी आकडेमोडीची नाही. प्रमाण कोणते, इच्छा कोणती, फल कोणते, हे आधी ओळखायचे. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या राशी असायला हव्यात, मग गुणाकार-भागाकार. व्यस्त त्रैराशिक कुठे लावायचे तेही तिथे वेगळे सांगितले आहे, आणि पंचराशिक व त्यापुढचा विस्तार याच पायावर उभा आहे. नफा-तोटा, व्याज, मिश्रण आणि सूट हे वेगवेगळे विषय वाटतात, पण त्या सगळ्यांखाली पट ओळखण्याची एकच कल्पना आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते शिक्षकांच्या रोजच्या अनुभवातून येतील, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप वेळेचा. अशैक्षणिक कामांत तास जातात, त्यात आणखी उदाहरणे कुठे बसवायची? या मागणीत उदाहरणे वाढवायची नाहीत. नफा-तोट्याखालच्या उदाहरणांपैकी निम्मी पुढच्या तीन पाठांत विखुरली आणि त्यांच्या जागी मागची काही आणली, तर एकूण संख्या तेवढीच राहते. बदलतो तो क्रम. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सातवीच्या मुलाला साधा भागाकार येत नसताना गुणोत्तराचा विचार कसा करायला लावायचा? या म्हणण्यात तथ्य आहे. पायाभूत क्रियांची तयारी टाळून चालणार नाही. पण ती तयारी पूर्ण होईपर्यंत विचार थांबवून ठेवावा लागत नाही. चार वह्यांचे १०० रुपये, तर आठच्या किती, बाराच्या किती, सहाच्या किती, असा तक्ता भरताना मूल दुप्पट, तिप्पट आणि दीडपट करत पाढेच गिरवत असते. एके काळी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकली जायची ती याच कामासाठी. संख्या लहान ठेवल्या तर कच्च्या मुलालाही कशाची कशाशी तुलना होते आहे ते पाहता येते.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. सूत्र पाठ असले की गुण मिळतात, मग मुलांना गोंधळात का टाकायचे? मिसळलेला सराव सुरुवातीला जड जातो आणि चुका वाढतात, हे खरे आहे. वर्गात पाहायला आलेल्या अधिकाऱ्याला सलग सरावाची वही जास्त नीटनेटकी वाटेल, हेही खरे आहे. पण शिष्यवृत्ती परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर पाठाचे नाव छापलेले नसते. पाठ संपल्यावर आठवड्याने बरोबर उत्तर देणारे आणि सहा महिन्यांनी कोरे पान ठेवणारे मूल तयार करून परीक्षेचेही भले होत नाही. चौथा आक्षेप मोबाइलचा, की टक्केवारी फोन काढून देतो. फोन २,१७१ चे ६५ टक्के क्षणात सांगेल. पण २,१७१ घ्यायचे की २,९०९, हे त्याला माणसानेच सांगायचे असते.

म्हणून परिषदेकडे चार गोष्टींची विनंती आहे. नव्या पुस्तकांत गुणोत्तरापासून चक्रवाढ व्याजापर्यंतच्या प्रत्येक पाठाच्या शेवटी एक मिश्र सरावसंच असावा आणि त्यात मागच्या पाठांची, मागच्या इयत्तांचीही उदाहरणे असावीत. काही उदाहरणांत उत्तर काढायला न सांगता ‘कशाची तुलना कशाशी, शंभर कशाचे, प्रमाण लागू आहे का’ एवढेच लिहायला सांगावे आणि त्याला स्वतंत्र गुण असावेत. प्रत्येक संचात प्रमाण न लागणारे निदान एक उदाहरण असावे. आणि धरणाचा साठा, पैसेवारी, शेकडा व्याज, गवंड्याचा माल यांसारखी जिल्ह्याजिल्ह्यांतली उदाहरणे शिक्षकांकडून मागवून सरावात घ्यावीत. शिक्षक प्रशिक्षणातही हेच प्रश्न आधी शिक्षकांपुढे ठेवावेत, कारण त्या ३३ पैकी ३२ जण उद्याचे शिक्षकच होते.

या बदलाला नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. पुस्तक छपाईला जाण्याआधी सरावसंचांची पाने पुन्हा मांडावी लागतात, एवढेच. एकदा छापलेले पुस्तक राज्यातल्या मुलांच्या दप्तरात पुढची अनेक वर्षे राहणार आहे. ती पाने अजून आपल्या हातात आहेत, तोवर हा बदल करावा, ही आग्रहाची विनंती.



हर्सूल, छत्रपती संभाजीनगर येथील एक नागरिक