कोड म्हणजे निदान नव्हे, राजेहो!

राजेहो, आज राजकारण नाही. आज काडेपेटीएवढ्या एका पार्टवर लिहितो आहे. पोस्ट लांब आहे, पण घरी पेट्रोल गाडी असेल तर वाचाच. कधी ना कधी या पार्टचं बिल तुमच्या हातात येणार आहे.

पार्टचं नाव थ्रॉटल पोझिशन सेन्सर. आपल्याकडच्या गॅरेजात नुसतं 'टीपीएस' म्हणतात. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. ती किती उघडली, हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल सुटते. जुन्या, केबलवाल्या गाडीत त्याला तीन वायर असतात. एकीवर कॉम्प्युटर पाच व्होल्ट देतो, दुसरी अर्थिंगची आणि तिसरीवरून निरोप परत जातो. पाय सोडलेला असेल तर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबला तर साडेचारच्या आसपास. बस, एवढंच. आपल्या घरच्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरचा चुलतभाऊ समजा.

हा निरोप चुकला की गाडी झटके मारते, उभ्या गाडीचा आयडल वर-खाली होतो, पिकअप जातो. केबल नसलेल्या नव्या गाडीत तर कॉम्प्युटर स्वतःच ताकद कापून टाकतो. त्याला लिंप मोड म्हणतात. अमरावती-अकोला हायवे आठवा, जिथं जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर सलग डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडे तुम्ही ट्रकला ओव्हरटेक करता आहात, समोरून एसटी येते आहे आणि गाडी ओढतच नाही. तेव्हा हा प्रश्न फक्त पैशाचा राहत नाही.

मी अठरा वर्षं झाली पोरांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जेवढे टीपीएस आणि थ्रॉटल बॉडी बदलवल्या जातात, त्यातले बरेच धडधाकट असतात.

याच उन्हाळ्यातली गोष्ट. ओळखीतला एक जण प्रवासी गाडी चालवतो, गॅस किट लावलेली. गाडी झटके मारायला लागली. गॅरेजात स्कॅनर लावला, पी-०१२२ असा कोड आला. लगेच थ्रॉटल बॉडी बदलवली, अकरा हजार गेले. आठव्या दिवशी तेच झटके. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, 'कॉम्प्युटर गेला.' तो आकडा ऐकून माणूस गाडी विकायला निघाला होता. पोराची कॉलेजची फी त्याच गाडीवर. माझ्याकडे आला तेव्हा मी फक्त मल्टिमीटर लावला. पाच व्होल्ट बरोबर, अर्थिंग बरोबर. सिग्नलची वायर हलवली की मीटरचा आकडा पडे. वायर धरत मागं गेलो तर गॅस किट लावणाऱ्यानं तीच वायर सोलून, पीळ मारून, वरून नुसती टेप गुंडाळलेली. आपल्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली ती टेप किती दिवस टिकणार? जोड काळा पडला होता. नीट सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली, काम संपलं. जुनी थ्रॉटल बॉडी मात्र भंगारात गेली होती, आणि ती चांगली होती.

आता त्या कोडचा अर्थ पाहा. पी-०१२२ म्हणजे 'थ्रॉटल सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी'. सर्किट! सेन्सर खराब आहे असं कोड कुठंच म्हणत नाही. सर्किटमध्ये सेन्सर आला, तीन वायरी आल्या, कनेक्टर आला आणि कॉम्प्युटरही आला. पावसाळ्यात बॉनेटखाली शिरून वायर कुरतडणारा उंदीरही त्यातच आला! पी-०१२३ म्हणजे व्होल्टेज जास्त. तिथं बऱ्याचदा अर्थिंग तुटलेली सापडते. कधी पाच व्होल्टची लाइन दुसऱ्या सेन्सरसोबत सामाईक असते आणि शेजारचा सेन्सर शॉर्ट झाला की बोंब टीपीएसच्या नावानं होते. पी-०१२४ म्हणजे मधूनमधून येणारा दोष, तो तर वायर आणि जोड तपासल्याशिवाय सापडतच नाही.

कापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात पतंग मोजतात, सलग तीन दिवस सापळ्यामागं रोज आठ दिसले तर फवारणी. एक पतंग दिसला म्हणून कोणी पूर्ण वावर फवारत नाही. आणि फवारलंच, तर पैसे कोणाचे जातात हे तुम्हाला ठाऊक आहे.

तपासणी काही रॉकेट सोडण्याचं काम नाही. चावी ऑन, इंजिन बंद. आधी बॅटरी आणि अर्थिंग पाहायची. मग पाच व्होल्ट येतात का ते. मग मीटर सिग्नलवर ठेवून थ्रॉटल अगदी सावकाश उघडायचा. आकडा चढत गेला पाहिजे. मध्येच शून्यावर पडला किंवा उडी मारली तर सेन्सरचा ट्रॅक घासलेला आहे, तेव्हा खुशाल बदला. सुरळीत चढला तर वायर आणि कनेक्टर हलवून पाहा. मोटरवाल्या थ्रॉटलमध्ये दोन सेन्सर असतात आणि पॅडलजवळही दोन, तिथं दोघांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर पाहायचं. (आणि पोरंहो, चावी ऑन असताना त्या झडपेत बोट घालू नका. मोटर तुमचं बोट ओळखत नाही.) थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल तर साफ केल्यावर आयडल पुन्हा शिकवावा लागतो. तो नाही शिकवला तर आयडल बिघडलेलाच राहू शकतो, आणि मग गिऱ्हाइकाला सांगतात की सेन्सर गेला.

हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात होते. मग करत का नाहीत? एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं, तर म्हणे, "सर, पाह्याचे पैसे आजवर कोनं देल्ले? पार्ट टाकला तरच पैसे भेटते." खरं आहे. आपण डॉक्टरला तपासणीची फी देतो, सोनोग्राफीचे वेगळे देतो, पण मेकॅनिकनं दोनशे-तीनशे रुपये तपासणीचे मागितले की आपला चेहरा पडतो. फुकट निदान मागणाऱ्याला मग अकरा हजाराचा पार्ट मिळतो. त्यात नवल नाही.

पण सगळा दोष गिऱ्हाइकावर ढकलून चालणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, मोटारसायकलपर्यंत इंजेक्शन आणि सेन्सर आले. एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. गाड्या बदलल्या, पण दर्यापूर-अकोट-बाळापूरच्या गॅरेजवाल्याला त्या गाडीचा वायरिंग डायग्राम कोण देते? व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या धूसर फोटोवर काम चालते. स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये याच मुद्द्यावर १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजेत, असं बजावलं होतं. प्रकरण अपिलात गेलं. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल उघडलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदानानं हा हक्क पदरात पाडून घेतला. आपले खासदार रस्ते आणि विमानतळावर बोलतात, बोलावंच. एकदा यावरही विचारा म्हणावं.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. त्यात पोराच्या हातात स्वतःचा मल्टिमीटर किती तास असतो, हा प्रश्न पालकांनी विचारायला पाहिजे. पिस्टन मोजता येणं चांगलंच, पण आज गाडी बंद पडते ती बऱ्याचदा हिरव्या पडलेल्या कनेक्टरनं.

आणि गिऱ्हाइकानं काय करावं? पार्ट बदलायच्या आधी विचारा, 'व्होल्ट किती आला?' आकडा सांगता आला तर माणूस तपासून बोलतो आहे. तपासणीचे पैसे वेगळे द्या, हसत द्या. काढलेला जुना पार्ट घरी आणा. बिल मागा. बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. फसवणूक झालीच असं वाटलं तर आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीसुद्धा लागत नाही.

गॅरेजवाल्या मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. बिलाच्या खाली दोन ओळी लिहायला सुरुवात करा: कोड कोणता होता, आणि सेन्सरवर व्होल्ट किती मिळाला. अमरावती-अकोल्यात जे आधीपासून असं लिहून देतात त्यांची नावं खाली टाका. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांची नावं इथं नको, त्यासाठी वर नंबर दिला आहे.