विश्लेषण : शेजाऱ्याला वायफाय देणे नियमात बसते का?

शेजारच्या दोन घरांनी एकच ब्रॉडबँड जोडणी घ्यायची आणि बिल निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, हा प्रकार शहरांत सर्रास चालतो. जोडणी घेताना मान्य केलेल्या अटींमध्ये मात्र ती घराबाहेरच्यांना देण्यास किंवा विकण्यास सहसा मनाई असते. एक ग्राहक बुडतो, हे कंपनीचे कारण उघड आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे.

चौकशी कोणाची?

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना आलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्यातील एका घरी पोहोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचे वायफाय कोणीतरी परस्पर वापरले होते. आयपी पत्ता पोलिसांना बिल भरणाऱ्यापर्यंत नेतो, कळफलकावर बसलेल्यापर्यंत नाही. शेजाऱ्याला दिलेला पासवर्ड त्याच्या पाहुण्याकडे गेला, तरी पहिला प्रश्न ग्राहकालाच विचारला जाणार.

पैसे घेऊन देता येते का?

इंटरनेट विकायला एरवी परवाना लागतो. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने यातून वाट काढली. चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवाना आणि शुल्काशिवाय वायफाय विकू शकते. वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम मधली संस्था करते. घोडे अडले ते दरावर. कंपन्या या दुकानदारांकडून महागड्या व्यावसायिक जोडणीचे पैसे मागत. अखेर जून 2025 मध्ये ‘ट्राय’ने 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त दर त्यांना लावू नये, असा आदेश दिला. बिल वाटून घेणाऱ्या शेजाऱ्यांना याचा उपयोग नाही.

घरी सर्व्हर चालवता येतो का?

अमेरिकेत ‘गूगल फायबर’ने सर्व्हरवर सरसकट बंदी घातली होती, टीकेनंतर 2013 मध्ये खासगी, बिगरव्यावसायिक वापराला मुभा दिली. भारतात अटीपेक्षा तांत्रिक अडथळाच मोठा. आयपीव्ही4 पत्ते जगभरात मिळून जेमतेम 430 कोटी, म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. बाहेरून आलेली विनंती नेमक्या कोणत्या घरी पाठवायची, हे त्यात कळत नाही. स्वतःचा कायम पत्ता हवा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात. मोबाइलवर दिसणारा घरचा कॅमेरा तरीही चालतो, कारण तो आपणहून बाहेर संपर्क साधतो आणि चित्रण बहुधा कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे येते.