विश्लेषण : लकव्यानंतरचा हात किती सुधारला, हे व्हिडीओ गेम सांगू शकेल?

पक्षाघातानंतर हात-पाय पुन्हा चालते करण्यासाठी व्यायामाचे व्हिडीओ गेम अनेक ठिकाणी वापरले जातात. पडद्यावरचे फळ पकडण्यासाठी रुग्णाने हात पुढे नेला की व्यायाम होतो. त्याच वेळी हालचालीची नोंदही होते. या नोंदीवरून सुधारणा मोजता येईल का, हा आता संशोधनाचा विषय आहे. बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्यासाठी तो महत्त्वाचा का ठरतो?

हालचालींचा समन्वय म्हणजे काय?

पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना खांदा, कोपर, मनगट आणि बोटे ठरावीक क्रमाने हलतात. पक्षाघातानंतर हा मेळ बिघडतो. हात वर नेताना कोपर आपोआप वाकते, बोटे मिटतात. हात पुरेसा पुढे जात नाही, म्हणून रुग्ण कमरेतून पुढे झुकतो. स्नायूंत ताकद परतली तरी हा मेळ परततोच असे नाही.

सध्या मोजमाप कसे होते?

स्वीडनमध्ये १९७५ साली तयार झालेली ‘फुगल-मायर’ चाचणी जगभर वापरली जाते. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक हालचालीला ०, १ किंवा २ गुण देतो. हातासाठी एकूण ६६ गुण असतात. चाचणी विश्वासार्ह आहे, पण त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि वेळ लागतो. शिवाय ‘थोडे जमते’ म्हणून १ गुण मिळालेल्या हालचालीत पुढच्या महिन्यात बारीक सुधारणा झाली, तरी गुण १च राहू शकतो.

खेळ वेगळे काय मोजतो?

मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ कॅमेरा २०१० मध्ये खेळांसाठी बाजारात आला आणि पुनर्वसनाच्या संशोधकांनी तो उचलला. आज साध्या मोबाइल कॅमेऱ्यावरूनही शरीरावरचे बिंदू ओळखता येतात. गुगलची ‘मीडियापाइप’ प्रणाली असे ३३ बिंदू टिपते. त्यावरून हात किती सरळ गेला, किती वेळ लागला आणि हालचाल किती सलग होती, हे काढता येते. निरोगी हाताचा वेग साधारणपणे एकदा वाढतो आणि एकदा उतरतो. बाधित हात मात्र थांबत, अडखळत जातो.

ही सलगता आकड्यात मांडण्याच्या पद्धतीवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शिवकुमार बालसुब्रमण्यन यांनी परदेशी सहकाऱ्यांसह काम केले आहे. याच कॉलेजने आयआयटी मद्रासबरोबर मनगट व पंजाच्या व्यायामासाठी ‘प्लूटो’ हे उपकरण विकसित केले. त्यावरही रुग्ण खेळ खेळत व्यायाम करतो.

गुण वाढले म्हणजे रुग्ण सुधारला?

नाही. कमरेतून झुकूनही फळ पकडता येते. पडद्यावर गुण वाढतात, पण कोपर पूर्वीइतकेच आखडलेले असते. खेळ सवयीचा झाला म्हणूनही गुण वाढतात. त्यामुळे धड किती झुकले हे मोजणारा खेळच उपयोगाचा. मंद उजेड, सैल कपडे, पदर यांमुळे कॅमेरा चुकू शकतो आणि बोटांच्या बारीक हालचाली त्याला नीट दिसत नाहीत.

उपचार म्हणूनही खेळ जादू करत नाही. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या १४१ रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ‘वी’ गेम खेळणारे आणि पत्ते-डॉमिनो खेळणारे यांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही.

आष्टीला याचा उपयोग काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीहून नगरपर्यंत सुमारे ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला. तरीही एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला मोठ्या शहरात न्यायचे तर सोबत कुणीतरी लागते आणि त्याचा रोजगार बुडतो. ऊसतोडीच्या हंगामात घरातील कर्ती माणसे फडावर असतात; रुग्ण म्हाताऱ्या माणसांजवळ राहतो. सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो तो पहिल्या काही महिन्यांत, आणि नेमके तेव्हाच ‘काही फरक पडेना’ म्हणून व्यायाम सुटतो. दोन भेटींच्या मधली नोंद फिजिओथेरपिस्टकडे पोहोचली, तर प्रगती कुठे अडली ते कळेल आणि घरच्यांना बारीक फरकही दिसेल.

कोणत्या अटी हव्यात?

पहिली तपासणी फिजिओथेरपिस्टनेच करावी. खेळताना तोल जाऊ शकतो, म्हणून शेजारी माणूस हवा. सूचना मराठीत हव्यात आणि चित्रफीत कोण पाहणार हे आधी सांगायला हवे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खेळातील गुणांवरून कुणाचे अपंगत्व प्रमाणपत्र किंवा निराधार अनुदान ठरवले जाऊ नये. खेळाची नोंद वाचून व्यायाम बदलून देणारा माणूस तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असेल, तरच या आकड्यांना अर्थ आहे. तो नसेल, तर मोबाइलमधला आलेख मोबाइलमध्येच राहील.