बळींच्या रकान्यापलीकडे

उतई (भिलाई) येथील एका वाचकाने विचारले आहे, ‘धड फलंदाज नाही, धड गोलंदाज नाही, अशा फिरकी अष्टपैलूला कसोटी संघात घ्यायचे कशाला?’

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी नाशिकच्या बापू नाडकर्णींची आठवण काढू या. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली. २७ निर्धाव, त्यांतली २१ तर सलग! धावा दिल्या ५, पण बळी एकही नाही. मग उपयोग काय?

उपयोग दुसऱ्या टोकाला होतो. एका बाजूने धावा आटल्या, की फलंदाज दुसऱ्या बाजूने धोका पत्करतो आणि बळी जोडीदाराच्या नावावर लागतो. १९६८ मध्ये भारताने न्यूझीलंडला हरवून परदेशातील पहिली मालिका जिंकली. प्रसन्नांनी २४ बळी घेतले. बापूंनीही वेलिंग्टनला ४३ धावांत ६ गडी बाद केले.

आणि फलंदाजी? १९६४ मध्येच कानपूरला इंग्लंडने फॉलोऑन दिला, तेव्हा बापूंनी नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावा करून सामना वाचवला.

४१ कसोटींत १४१४ धावा, ८८ बळी. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. तरी निवड करताना पाहायचे एवढेच : अडचणीच्या दिवशी दोहोंपैकी एक काम तो खात्रीने निभावेल का? निभावणार असेल, तर त्याला जरूर घ्यावे. नाहीतर निव्वळ फलंदाज किंवा निव्वळ गोलंदाज बरा.